लेखणी नवऱ्याची, फितुरी बायकोची?

चीनमधील आरंभीच्या अराज्यवादाचा इतिहास सांगताना हे-यिन झेन या लेखिकेची दोन-चार वाक्यांत बोळवण करण्याची रीत गेल्या शतकभरात चांगलीच रुळली आहे. अराज्यवाद म्हणजे राज्यसंस्था, खासगी मालमत्ता आणि रूढीने वा कायद्याने लादलेली प्रत्येक अधिसत्ता नाहीशी करून माणसांच्या ऐच्छिक सहकार्यावर समाज उभा राहू शकतो, असे मानणारी विचारधारा. चिनी भाषेत ती १९०७ सालच्या जून महिन्यात पॅरिस आणि टोकियो अशा दोन ठिकाणांहून, नियतकालिकांच्या रूपाने, जवळजवळ एकाच वेळी प्रकट झाली. त्यांपैकी टोकियोतील ‘तियानयी’, म्हणजे ‘निसर्गदत्त न्याय’, या नियतकालिकाच्या प्रवर्तक हे-यिन झेन होत्या, हे कोणी नाकारत नाही. नाकारले जाते ते त्यांचे विचारवंत असणे. त्यांच्या नावावरील लेखन मुळात त्यांचे पती, विख्यात पंडित लिऊ शिपेई यांचे. त्यातील कल्पना पाश्चात्त्यांकडून जपानमार्गे उसन्या आणलेल्या. आणि १९०८ च्या अखेरीस या दांपत्याने चीनवर राज्य करणाऱ्या मांचू सरकारशी संधान बांधल्यामुळे जे काही शिल्लक राहते तेही बाद, असा हा निवाडा आहे. कम्युनिस्ट पक्षाच्या छायेत वाढलेले इतिहासलेखन त्यात आणखी एका कलमाची भर घालते, ती अशी की हा सगळा अराज्यवादच मुळात मार्क्सवाद येण्यापूर्वीचा पोरकटपणा होता.

या आक्षेपांतला प्रत्येक तपासून पाहण्याजोगा आहे, परंतु त्याआधी ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिले तर एक गंमत उघड होते. लेखन पतीचे होते असे सांगणारी परंपराच, पती फितूर का झाला याचे कारण देताना, तो बायकोच्या धाकात होता आणि तिने व तिच्या एका नातलगाने त्याला त्या वाटेला लावले, असे समकालीनांच्या आठवणींच्या आधारे सांगते. बुद्धीचा हिशेब निघाला की ती नवऱ्याची सावली ठरते आणि पापाचा हिशेब निघाला की नवरा तिच्या हातचे बाहुले ठरतो. दोन्ही विधाने एकाच व्यक्तीविषयी, एकाच दोन वर्षांच्या काळाविषयी आणि पुष्कळदा एकाच पानावर केली जातात, तरीही त्यांतील विसंगती फारशी कोणाला खटकलेली दिसत नाही. स्त्रीच्या वाट्याला श्रेय येऊ नये आणि दोष मात्र तिच्याच पदरात पडावा, ही व्यवस्था कशी चालते याचे विवेचन खुद्द हे-यिन यांनी केले होते, हे लक्षात घेतले तर त्यांच्या टीकाकारांनी त्यांना नकळत दिलेला हा मोठाच पुरावा म्हणावा लागेल.

चरित्राची बाजू थोडक्यात अशी. जिआंगसू प्रांतातील यिझेंग येथे १८८४ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. लिऊ शिपेई (१८८४–१९१९) हेही त्याच भागातले. पिढ्यान्पिढ्या एका प्राचीन इतिहासग्रंथाच्या टीकेत मुरलेल्या घराण्याचे वारस. विवाहानंतर ही तरुण पत्नी शांघायमधील देशभक्तांनी चालवलेल्या मुलींच्या शाळेत शिकली आणि १९०७ च्या आरंभी दोघेही टोकियोला गेले. मांचू घराण्याचे राज्य उलथून पाडू पाहणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांचे आणि परागंदा झालेल्यांचे ते शहर म्हणजे त्या वेळचे मोठे केंद्र होते. तेथे त्यांनी ‘स्त्री-हक्क पुनःप्राप्ती संघ’ काढला, १० जून १९०७ रोजी ‘तियानयी’चा पहिला अंक प्रसिद्ध केला, आणि पित्याकडच्या ‘हे’ या कुळनामाला आईकडचे ‘यिन’ जोडून त्या नावाने त्या लिहू लागल्या. मुलांनी आईबाप दोघांचेही कुळनाम लावावे, ही त्यांच्या जाहीरनाम्यातील मागणी होती. पहिली अंमलबजावणी त्यांनी स्वतःवर केली. त्याच जाहीरनाम्यात विधुराने लग्न करायचे तर विधवेशीच करावे, प्रथम विवाह करणाऱ्या मुलीशी करू नये, अशीही एक अट आहे. आज ती विक्षिप्त वाटेल, पण विधवेने जन्मभर एकनिष्ठ राहावे आणि पुरुषाने चितेची राख निवण्याआधी नवी नवरी आणावी, असे मानणाऱ्या समाजाला समतेचा अर्थ शब्दशः घेतला तर काय होते, हे दाखवणारी ती धारदार युक्ती होती.

लेखनाच्या कर्तृत्वाचा प्रश्न अगदीच पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. ‘तियानयी’तील काही लेखांवर दोघांच्या सह्या आहेत, स्त्रियांच्या श्रमाविषयीचा एक महत्त्वाचा लेख टोपणनावाने आला असून ते टोपणनाव कोणाचे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि लिडिया लिऊ, रेबेका कार्ल व डोरोथी को यांनी २०१३ साली संपादित केलेल्या इंग्रजी संग्रहात तो हे-यिन यांचा मानला आहे. मात्र संशयाची दिशा पाहण्यासारखी आहे. जेथे दोघांची सही तेथे विचार पतीचा, जेथे टोपणनाव तेथे तेही पतीचे, आणि जेथे केवळ पत्नीची सही तेथे पतीने हातभार लावला असणार. उलट दिशेने हा तर्क एकदाही चालवला जात नाही. लिऊ यांच्या त्या काळातील सामाजिक लेखनावर पत्नीच्या विचारांचा ठसा असू शकेल, ही शक्यता कोणी विचारातही घेत नाही.

लेखन पतीचेच मानणाऱ्या पक्षाचा भरवशाचा पुरावा म्हणजे लेखनातील प्राचीन ग्रंथांचे पांडित्य. ‘स्त्रियांच्या सूडाविषयी’ या दीर्घ लेखात कन्फ्यूशियसपंथी ग्रंथ, त्यांवरील भाष्ये, विवाहविधी आणि शोकविधी यांची उद्धरणे रचून स्त्रीला माणसाच्या पंक्तीतून कसे उठवण्यात आले हे दाखवलेले आहे. आणि असे पांडित्य त्या वयाच्या स्त्रीला कोठून येणार, असा हा युक्तिवाद आहे. पण पांडित्य कोणाचे यापेक्षा ते कशासाठी वापरले आहे हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो. लिऊ शिपेई यांनी १९०३ साली रूसोच्या सामाजिक कराराचे सार प्राचीन चिनी ग्रंथांतच सापडते असे दाखवणारे पुस्तक लिहिले होते आणि १९०५ पासून राष्ट्राचे सांस्कृतिक सत्त्व जपू पाहणाऱ्या नियतकालिकात ते सातत्याने लिहीत होते. म्हणजे त्यांच्या लेखी ते ग्रंथ हा गमावलेला ठेवा होता. ‘सूडा’च्या लेखात तेच ग्रंथ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत होऊन गेलेली विदुषी बान झाओ, जिने मुलींना नम्रतेचे आणि पतिनिष्ठेचे धडे देणारे पुस्तक लिहिले आणि जिला चिनी परंपरेने स्त्रीविद्वत्तेचा आदर्श मानले, तिच्यावर हे-यिन यांनी स्त्रीजातीची वैरीण म्हणून केलेला हल्ला वाचला, तर संस्कृतीचे सत्त्व जपू पाहणाऱ्या माणसाची ही लेखणी नव्हे, हे सहज कळते. टोकियो सोडल्यानंतरची लिऊ यांची विद्वत्ता प्राचीन ग्रंथांचे पाठ आणि त्यांवरील टीका यांतच रमली, ही गोष्टही या संदर्भात विसरता येत नाही.

आता उसनवारीचा आक्षेप. टोकियोतील हे मंडळ क्रोपॉटकिन, टॉल्स्टॉय आणि एंगल्स यांचे लेखन जपानी व इंग्रजी भाषांतरांतून वाचत होते. ऑगस्ट १९०७ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या समाजवाद-अभ्यासवर्गाच्या पहिल्या सभेत जपानी अराज्यवादी कोतोकु शूसुई यांचे भाषण झाले. यात लपवण्यासारखे काही नव्हते आणि त्यांनी ते लपवलेही नाही. विचार परदेशातून आला म्हणून तो परका ठरत असेल तर चीनमधील बौद्ध धर्मापासून मार्क्सवादापर्यंत बरेच काही बाहेर काढावे लागेल, आणि मार्क्सवादी टीकाकारांनी तरी हा आक्षेप घेऊ नये. परंतु खरी गोष्ट याहून रोचक आहे. पश्चिमेची नक्कल हा ज्या लेखनावरचा आरोप आहे, त्या लेखनाचे पहिले लक्ष्यच पश्चिमेची नक्कल करणारे देशी सुधारक होते.

सुधारकांच्या त्या पिढीची भूमिका समजून घेण्यासाठी दोन ग्रंथकार पुरेसे आहेत. लियांग चीचाओ यांनी १८९७ च्या सुमारास स्त्रीशिक्षणाचा कैवार घेताना असे मांडले, की देशातील वीस कोटी स्त्रिया स्वतः काही उत्पन्न न करता दुसऱ्याच्या जिवावर खातात, म्हणून देश दरिद्री राहतो. त्यांना शिकवले की त्या कमावत्या होतील आणि राष्ट्र बलवान होईल. जिन तियानहे यांचे १९०३ सालचे ‘स्त्रीजगताची घंटा’ हे पुस्तक चीनमधील स्त्रीमुक्तीची पहिली घोषणा म्हणून गौरवले जाते. त्याच्या आरंभी लेखक कल्पनेत पाहतो तो तोंडात सिगारेट, हातात छडी आणि शेजारी बायकामुले घेऊन रमतगमत फिरणारा गोरा युरोपीय गृहस्थ, आणि आपणही तसे व्हावे अशी त्याला आस लागते. स्त्रीची मुक्ती इथे राष्ट्राच्या दारिद्र्यावरचे औषध आणि पुरुषाच्या स्वप्नातल्या चित्राची चौकट आहे. खुद्द स्त्रीला काय हवे याची चौकशी दोन्हीकडे नाही.

‘स्त्रीमुक्तीचा प्रश्न’ या लेखात हे-यिन यांनी या पुरुषी कैवाराची चिरफाड केली. त्यांच्या मते पूर्वी बायकोला कोंडून ठेवण्यात प्रतिष्ठा होती आणि आता तिचे पाय मोकळे करून तिला शाळेत घालण्यात आहे. युरोप, अमेरिका आणि जपान बलवान असल्यामुळे त्यांच्या रीती सुसंस्कृत ठरल्या आणि त्या घरात आणणारा पुरुष सुसंस्कृत म्हणवला जाऊ लागला. त्यात मध्यमवर्गाची मिळकत आटत चालली होती, तेव्हा बायको-मुलगी चार पैसे मिळवून आणेल हा विचारही त्या उदारतेच्या पोटी होता. शिवाय नव्या शाळांत गृहशास्त्र आणि बालसंगोपन शिकवून घराचा आणि मुलांच्या शिक्षणाचा भार अधिक पद्धतशीरपणे तिच्यावरच टाकायचा होता. हे-यिन यांचा निष्कर्ष असा, की पुरुष देतो ते स्वातंत्र्य पुरुषाच्या सोयीचे असते आणि सोय संपली की ते परतही घेतले जाते. लियांग यांच्या ‘आयते खाणाऱ्या’ स्त्रियांच्या सिद्धांताला त्यांनी दिलेले उत्तर तर इतिहासाच्या आधाराचे आहे. सूत कातणे, कापड विणणे, रेशीम काढणे ही कामे चीनमध्ये शतकानुशतके स्त्रियांनी केली. त्या श्रमाचे फळ कोणाच्या खिशात गेले, हा प्रश्न विचारायचा सोडून श्रमच नव्हते असे म्हणणे हा शोषणाचा हिशेब बुडवण्याचा प्रकार होता.

उसनवारीच्या आक्षेपात आणखी एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे विचार पश्चिमेकडून पूर्वेकडे एकाच वाटेने येतो हे. १९०७ सालच्या टोकियोत चिनी, जपानी आणि भारतीय तरुण एकमेकांचे ऐकत होते, याचा एक दाखला मराठी वाचकाच्या ओळखीचा निघेल. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तेथील भारतीयांनी शिवाजी महाराजांच्या स्मरणार्थ सभा भरवली. टिळकांनी रायगडावर रुजवलेला उत्सव बंगालमार्गे अशा रीतीने जपानला पोहोचला होता. ज्येष्ठ चिनी क्रांतिकारक विद्वान झांग बिंगलिन त्या सभेला उपस्थित होते आणि ‘मिनबाओ’ या क्रांतिवादी नियतकालिकात त्यांनी तिचा वृत्तान्त लिहिला. जपानचे माजी पंतप्रधान ओकुमा शिगेनोबु यांनी त्या व्यासपीठावरून ब्रिटिश राज्याची केलेली भलामण झांग यांना असह्य झाली, कारण जपान हा आशियाचा तारणहार ठरेल ही आशा ब्रिटनशी हातमिळवणी केलेल्या जपानकडून पुरी होणार नाही, हे त्यांना त्या सभेत दिसले. त्याच वर्षी टोकियोत आशियाई बंधुभावासाठी जो संघ स्थापन झाला, त्यात झांग यांच्याबरोबर लिऊ आणि हे-यिन हे दांपत्यही होते, आणि साम्राज्यवादाला विरोध करणाऱ्या कोणत्याही आशियाई माणसाला त्याचे दार खुले होते. साम्राज्यवादी सत्तांना आदर्श मानण्यास नकार देणे हा या मंडळाच्या विचाराचा कणा होता, आणि हे-यिन यांनी तो नकार घराच्या उंबऱ्याच्या आतपर्यंत नेला.

त्यांच्या विचाराचा गाभा उपजीविकेच्या प्रश्नात आहे. विकत घेतलेली घरमोलकरीण, रखेल, वेश्या आणि शांघायच्या रेशमाच्या गिरणीत राबणारी मजूर यांना समाजसुधारक वेगवेगळ्या खणांत टाकतात. एकीसाठी दयेची याचना, दुसरीसाठी नीतीचा उपदेश आणि तिसरीसाठी कारखाना-कायदा. हे-यिन यांच्या दृष्टीने या सर्वांच्या मुळाशी एकच व्यवहार आहे. संपत्ती थोड्यांच्या हाती गोळा झाल्यामुळे बाकीच्यांना जगण्यासाठी स्वतःचे शरीर किंवा श्रम विकावा लागतो, आणि स्त्रीला तो सर्वांत स्वस्तात विकावा लागतो, कारण ती आधीच कोणाची तरी मालमत्ता मानली गेलेली असते. म्हणूनच नोकरी मिळाली की स्त्री स्वतंत्र होईल हे सुधारकांचे सूत्र त्यांना पटले नाही. भांडवल ज्याच्या हाती त्याची चाकरी पत्करणे याला स्वातंत्र्य म्हणणे त्यांना दास्याचे नामांतर वाटले. लग्नाविषयीही हेच. पाश्चात्त्यांतील एकपत्नीत्व आणि प्रेमविवाह यांचा त्या काळी फार गवगवा होता, पण पैसा, प्रतिष्ठा आणि कायदा यांच्या दडपणाखाली झालेली निवड त्यांनी मुक्त मानली नाही. मालमत्ता सामाईक झाली तर पोटासाठी लग्न, पोटासाठी शय्या आणि पोटासाठी धनीसेवा या तिन्ही गोष्टींचा आधारच निघून जाईल, असे त्या सांगत. मुलांचे संगोपन सार्वजनिक व्हावे आणि प्रत्येक माणसाने, मग तो पुरुष असो वा स्त्री, आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळी कामे करावीत, अशी योजनाही या मंडळाने मांडली होती. तीत पन्नाशी उलटलेल्यांनी मुले सांभाळायची आणि शिकवायची होती.

मताधिकाराविषयी त्यांनी घेतलेली भूमिका सर्वांत वादग्रस्त आहे आणि तेथे त्यांच्या बाजूनेही सगळे सरळ नाही. फिनलंडमध्ये १९०६ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला, १९०७ च्या निवडणुकीत १९ स्त्रिया संसदेत गेल्या आणि जगभरच्या स्त्रीवाद्यांनी त्याचा जल्लोष केला. हे-यिन यांनी मात्र असा इशारा दिला, की संसदेत जाणाऱ्या स्त्रिया वरच्या वर्गातल्या असतील आणि खालच्या वर्गातील स्त्रीवर आता पुरुष, सरकार आणि वरच्या वर्गातील स्त्री असा तिहेरी दाब येईल. नॉर्वेत १९०७ सालीच मिळालेला मताधिकार उत्पन्नाच्या अटीवर होता, तेव्हा तेथे हा इशारा लागू पडतो. फिनलंडबाबत मात्र त्यांची माहिती अपुरी होती. त्या १९ जणींपैकी ९ जणी सामाजिक-लोकशाहीवादी पक्षाच्या होत्या आणि त्यांत मीना सिल्लान्पॅ ही एके काळची घरकामगारही होती. प्रतिपक्षाने ही चूक दाखवायला हवी होती, पण ज्यांना लेखनच पतीचे वाटते त्यांनी त्यातील तपशील तपासण्याचे कष्ट घेतले नाहीत. आणि ही चूक मान्य करूनही मूळ युक्तिवाद ढासळत नाही, कारण तो एका देशाच्या आकडेवारीवर उभा नव्हता; राज्ययंत्रणा तशीच ठेवून तीत जागा मिळवल्याने ती यंत्रणा बदलत नाही, हे त्यांचे म्हणणे होते.

चीनमध्ये याची परीक्षा पाचच वर्षांत झाली. १९११ च्या क्रांतीत स्त्रियांनी पथके उभारली, पैसा गोळा केला आणि शस्त्रे वाहिली. १९१२ साली प्रजासत्ताक आले तेव्हा तांग छुनयिंग आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी नानजिंगच्या हंगामी विधानसभेत शिरून समान हक्कांची मागणी केली आणि ती फेटाळली गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्रांतिकारकांचा नवा पक्ष स्थापन होताना स्त्री-पुरुष समतेचे कलम जुळवाजुळवीसाठी गाळण्यात आले, तेव्हा तांग यांनी भर सभेत पक्षनेते सोंग जिआओरेन यांच्या थोबाडीत मारली. देशव्यापी मताधिकार संविधानाने मान्य होण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले. कैवार घेणाऱ्या पुरुषांनी सोय सरताच हात आखडता घेतला.

उरतो फितुरीचा आक्षेप, आणि तो सर्वांत जड आहे. १९०८ च्या उन्हाळ्यात जपानी सरकारने स्वतःच्या अराज्यवाद्यांची धरपकड सुरू केली, ऑक्टोबरमध्ये चिनी क्रांतिकारकांच्या नियतकालिकांवर बंदी आली, आणि वर्षअखेर हे दांपत्य शांघायला परतून मांचू सरकारचा प्रबळ सुभेदार दुआनफांग याच्या आश्रयाला गेले. क्रांतिकारकांचा बंदोबस्त कसा करावा याच्या सूचना देणारे लिऊ यांचे दुआनफांगला लिहिलेले पत्र पुढे उजेडात आले असून काही अभ्यासक त्याचा काळ १९०७ च्या अखेरीपर्यंत मागे नेतात. हे-यिन यांचेही हात स्वच्छ नव्हते. झांग बिंगलिन यांच्याशी बिनसल्यावर, झांग यांनी भारतात जाऊन भिक्षू होण्यासाठी दुआनफांगकडून पैसा मिळवण्याची खटपट केल्याचे दर्शवणारी त्यांची खासगी पत्रे हे-यिन यांनी पॅरिसच्या अराज्यवाद्यांकडे धाडली. हे सारे निंद्य आहे आणि त्याला पांघरूण घालण्याचे कारण नाही.

पण यावरून काढला जाणारा निष्कर्ष वेगळाच आहे. लिऊ १९११ च्या क्रांतीत पकडले गेले तेव्हा ज्यांचा विश्वासघात झाला होता त्या झांग बिंगलिन यांनीच त्यांच्या जिवासाठी रदबदली केली. १९१५ साली प्रजासत्ताकाचा अध्यक्ष युआन शिकाई याला सम्राट करण्याच्या खटपटीत लिऊ सामील झाले. आणि तरीही १९१७ साली कुलगुरू त्साय युआनपेई यांनी त्यांना पेकिंग विद्यापीठात प्राध्यापक नेमले, जेथे मृत्यूपर्यंत त्यांच्या विद्वत्तेचा मान राहिला. प्राचीन ग्रंथांवरील त्यांचे संशोधन फितुराचे संशोधन म्हणून आजही कोणी टाकून देत नाही. म्हणजे दोनदा निष्ठा बदललेल्या पतीचे पांडित्य त्याच्या वर्तनापासून वेगळे काढता येते, आणि त्यांतल्या एकाच प्रसंगाची भागीदार असलेल्या पत्नीचा विचार मात्र तिच्या वर्तनात बुडवला जातो. पतीच्या मृत्यूनंतर त्या इतिहासाच्या नजरेआड झाल्या, आणि विद्यापीठातल्या स्नेह्यांचे किंवा शिष्यांचे जे कवच पतीच्या वाट्याला आले ते त्यांना लाभले नाही. वेडाच्या आणि संन्यासाच्या वदंता तेवढ्या उरल्या. शिवाय वर्तनाने विचार खोटा ठरवायचा तर तो विचार कोणत्या पायरीवर चुकतो हे दाखवावे लागते. दास्याचे मूळ मालमत्तेत आहे हे विधान दुआनफांगच्या पगारपत्रकावर नाव चढल्याने खोटे होत नाही. फार तर ते मांडणाऱ्यालाही पोटाच्या दडपणातून सुटका नव्हती एवढे सिद्ध होते.

‘मार्क्सपूर्व पोरकटपणा’ या कलमाचा समाचार लांबवण्याची गरज नाही. कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या पहिल्या प्रकरणाचे चिनी भाषांतर ‘तियानयी’नेच १९०८ साली छापले, त्याआधी एंगल्सची प्रस्तावना छापली, चेन वांगदाओ यांचे संपूर्ण भाषांतर यायला १९२० साल लागले. शेतकरी हाच चीनच्या क्रांतीचा आधार असेल ही कल्पना लिऊ यांनी चालवलेल्या ‘हेंगबाओ’त १९०८ सालीच आली होती, माओंच्या हुनानमधील शेतकरी चळवळीवरील अहवालाच्या जवळजवळ वीस वर्षे आधी, आणि तरुणपणी आपल्यावर अराज्यवादाचा प्रभाव होता हे माओंनी स्वतः अमेरिकन पत्रकार एडगर स्नो यांना सांगितले. मार्क्स ज्यांनी वाचला आणि छापला त्यांनीच त्याच्या राज्यविषयक भूमिकेशी असहमती दाखवली, याला पोरकटपणा म्हणता येत नाही. सत्ता हाती घेतलेला पक्ष नवे शासनकर्ते निर्माण करील ही त्यांची भीती होती, आणि ती अनाठायी ठरली नाही. १९४२ साली येनआन या कम्युनिस्ट तळावर लेखिका दिंग लिंग यांनी पक्षातील पुरुषांच्या दुटप्पीपणाविषयी लिहिले तेव्हा त्यांना टीकेला तोंड द्यावे लागले. सामूहिक शेतीत स्त्रियांच्या दिवसाला सर्रास पुरुषांपेक्षा कमी श्रमगुण मिळत. आणि पक्षाच्या सर्वोच्च स्थायी समितीत आजवर एकही स्त्री बसलेली नाही. १९५० च्या विवाह कायद्याने बरेच काही दिले हे खरे, पण देणारे कोण होते हा हे-यिन यांचा प्रश्न त्यानेही मिटला नाही.

त्यांच्यावर करावयाची खरी टीका वेगळी आहे आणि ती आजवर फारशी कोणी केलेली नाही. ‘तियानयी’च्या आरंभीच्या उद्दिष्टांत मांचूविरोधी वांशिक क्रांतीही सामील होती, आणि सर्व अधिसत्ता नाकारणाऱ्या विचारात एका वंशाविरुद्धच्या रागाला जागा कशी मिळाली, याचे समाधानकारक स्पष्टीकरण हे मंडळ देऊ शकले नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मालमत्ता सामाईक करा असे हे-यिन सांगतात, पण सामाईक झालेल्या धान्याच्या कोठाराची किल्ली कोणाकडे राहील, आणि ती ज्याच्याकडे राहील तोच उद्याचे सरकार का होणार नाही, हे त्या सांगत नाहीत. १९५८ साली चीनच्या खेड्यांत घरच्या चुली बंद करून सार्वजनिक भोजनालये आणि पाळणाघरे उघडली गेली, तेव्हा त्यांच्या लेखांतील एक मागणी कागदावर तरी पुरी झाली. मात्र किल्ली पक्षाच्या गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या कमरेला गेली, आणि पुढच्या तीन वर्षांच्या दुष्काळात कोणाच्या वाडग्यात किती पडायचे हे बरेचसे त्याच्या मर्जीवर ठरले.